डान मुखवटा सापडलाय: खरा की बाजारी, आणि घरात टांगावा का?

सानपाड्याची_सई

नमस्कार मंडळी. लाकूड, कोरीवकाम, आफ्रिका यातलं कळणारं इथे कुणीतरी नक्की असेल म्हणून धागा काढतेय.

माझे मामेसासरे व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते. वाशीला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये घर. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, मामी पुण्याला लेकीकडे असतात. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करायची तारीख आली आणि माळ्यावरच्या ट्रंका उतरवण्याची जबाबदारी आमच्या गळ्यात पडली. एका ट्रंकेत जुन्या टर्किश टॉवेलात गुंडाळलेला लाकडी मुखवटा निघाला. सासूबाईंना, म्हणजे मामांच्या सख्ख्या बहिणीला, तो घरात आहे हेच माहीत नव्हतं.

वीतभरापेक्षा थोडा मोठा. काळा, तेल लावल्यासारखा चमकणारा. अंड्यासारखा चेहरा, हनुवटीकडे निमुळता. कपाळाच्या मधोमध केसांपासून नाकापर्यंत उतरणारी एक बारीक उभी धार. डोळे म्हणजे नुसत्या दोन आडव्या चिरा. ओठ किंचित विलग, आत धातूचे दोन छोटे दात, त्यातला एक हलतोय. कडेने सगळीकडे भोकं. मागे बॉलपेनने रोमन अक्षरांत ‘मान’ आणि पुढे ८१ असं लिहिलंय. धाकट्या दिराने मोबाइलवर फोटोवरून शोधलं तर आयव्हरी कोस्ट, लायबेरिया, डान जमात असं आलं. त्यापुढे तो जे वाचत गेला ते फक्त किमतीचं. तो आता लाखांत बोलतोय.

सासूबाईंचं म्हणणं एकदम उलट. डोळे मिटलेला चेहरा आहे, मेलेल्या माणसाचा वाटतो, आणि भावाने कधी कुणाला दाखवला नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार. दिवाणखान्यातून देवघर दिसतं, त्यामुळे तिथल्या भिंतीला अजिबात नको. सध्या तो टीव्हीच्या कपाटात टॉवेलासकट पडून आहे.

मला स्वतःला तो फार आवडलाय. पण कपाटात ठेवल्यावर दोन-तीन दिवसांनी टॉवेलावर पिठासारखा बारीक भुसा दिसला. झटकला, पुन्हा आला. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत.

तर हा नक्की काय प्रकार आहे, खरा आहे का, भुशाचं काय करायचं, आणि टांगायला हरकत आहे का? फोटो डकवलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घोडबंदर_लोकल

माझ्या जुन्या बॉसच्या केबिनमध्ये असले चार होते, सगळे ऑनलाइन मागवलेले. दिराला म्हणावं लाखांचं स्वप्न बघू नकोस, आणि भुसा पडतोय तोवर सोफ्याजवळ ठेवू नका. आमचं अख्खं शोकेस असंच गेलं.

आउटटर्न_काका

सई, फोटो छान आहेत पण सगळे पुढून काढलेस. मी आयुष्यभर काजूची प्रतवारी केली. पोत्यावरचा शिक्का वाचून भाव सांगणाऱ्याला आमच्या धंद्यात कुणी उभं करत नाही. बी कापायची, गराचं वजन करायचं, मग तोंड उघडायचं. मुखवट्याची पाठ म्हणजे कापलेली बी. तिचे फोटो टाक. तोवर पुढून दिसतंय तेवढं सांगतो. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

मी ठाण्याचा, चरईतला. निवृत्तीआधीचे काही हंगाम आयव्हरी कोस्टमध्ये काढले. कच्चा काजू जगात सगळ्यात जास्त तिथे पिकतो. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत बुआके, सेगेला भागातल्या गोदामांत उभं राहायचं, धूळ खायची. आमचा ड्रायव्हर पश्चिमेकडच्या दानानेचा, याकुबा. डान लोकांना आयव्हरी कोस्टमध्ये याकुबा म्हणतात, सीमेपलीकडे लायबेरियात गिओ. हंगाम आटपला की तो मला आपल्या मुलखात घेऊन जायचा. तिथलं मोठं गाव म्हणजे मान. चहूबाजूंनी डोंगर, कॉफी-कोकोच्या बागा. तुझ्या मुखवट्यामागे लिहिलंय ते हेच गाव असणार.

आता चेहरा. सासूबाईंना सांग, हा मेलेला माणूस नाही, ही बाई आहे, आणि देखणी बाई आहे. डानांकडे चिंचोळे डोळे हे बाईच्या सौंदर्याचं लक्षण. गुळगुळीत अंडाकृती चेहरा, टोकदार हनुवटी, किंचित उघडे ओठ, सगळं त्यातलंच. अशा एका मुखवट्याला देआंग्ले म्हणतात. मुलांची सुंता आणि दीक्षा व्हायची तेव्हा त्यांना गावाबाहेर रानात वेगळं ठेवत. ही देआंग्ले रानातून गावात यायची, बायकांशी थट्टामस्करी करायची आणि मुलांसाठी जेवण मागून न्यायची. डोळ्यांवरून पांढऱ्या मातीचा आडवा पट्टा ओढलेला असतो. तुझ्या मुखवट्याच्या डोळ्यांच्या खोबणीत पांढरं काही अडकलंय का बघ. घासू नकोस, नुसतं बघ. चिंचोळ्या डोळ्यांचा दुसरा प्रकार टांकाग्ले, तो नाचगाण्याचा, लोकांना रिझवणारा. नुसत्या लाकडावरून हे दोन वेगळे काढणं जवळपास अशक्य. आणि हो, चेहरा बाईचा असला तरी घालणारा कायम पुरुषच.

गोल भोकांचे डोळे दिसले की समजायचं याला पळायचंय किंवा नजर ठेवायचीय. तिथे कोरड्या दिवसांत उत्तरेकडून हरमॅटन वारा सुटतो, छपरं गवताची. तेव्हा गोल डोळ्यांचा एक मुखवटा गावात फिरून चुली तपासतो. डोळ्यांभोवती बऱ्याचदा लाल कापड. वारा चढायच्या वेळी कुणाची चूल धगधगत राहिली असेल तर भांडं लाथाडतो, दंड वसूल करतो. अग्निशमन दल आणि नगरपालिका एकाच माणसात! दुसरा गोल डोळ्यांचा शर्यतीचा. त्याच्यामागे गावातला पट्टीचा पळणारा बिनमुखवट्याचा धावतो; त्याने गाठलं तर पुढच्या वेळी मुखवटा त्याचा. मुळात ही लढवय्यांची तालीम होती. नळीसारखे पुढे आलेले डोळे युद्धाच्या मुखवट्याला. गालफडं वर आलेली, डोळे तिकोनी, हातात आकडीची काठी, तो दांडगाई करणारा काग्ले. आणि या सगळ्यांच्या वर न्यायनिवाडा करणारे मोठे मुखवटे. जुन्या काळी डानांवर एक राजा नव्हता, गावागणिक आपापलं. दोन गावांचं भांडण मिटवायचं तर माणसाचं कोण ऐकणार? मुखवट्याचं ऐकत.

आता महत्त्वाचं, इथे नीट वाच. आपण ज्याला मुखवटा म्हणतो, म्हणजे तुझ्या कपाटातलं ते लाकूड, त्याला डान लोक पूर्ण वस्तू मानतच नाहीत. त्यांच्यासाठी असतो तो ‘ग्ले’, लायबेरियाकडे ‘गे’. हा रानातला आत्मा. त्याला गावात यायचं असतं, लोकांत मिसळायचं असतं, पण शरीर नसतं. मग तो एखाद्या माणसाच्या स्वप्नात येतो आणि सांगतो की माझा चेहरा असा, पोशाख असा, नाच असा, वाद्यं ही. माणूस ते जाणत्यांसमोर मांडतो, त्यांना पटलं तर कारागिराकडे काम जातं. लाकडी चेहरा, डोक्यावरचा टोप, राफिया ताडाच्या धाग्यांचा पायघोळ घागरा, बदललेला आवाज आणि बरोबर चालणारा दुभाष्या, हे सगळं मिळून ग्ले. दुभाष्या लागतो, कारण ग्ले माणसासारखं बोलत नाही. घागरा घातला की आतला माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, हे विचारायचं नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ही शोभेची भाषा वाटली. मग मानजवळच्या एका गावात उंच काठ्यांवर चालणारा ग्ले पाहिला. माणसाच्या दुप्पट उंचीवरून गिरक्या घेत होता आणि त्याच्या तोंडावर लाकूड नव्हतंच! विणलेल्या काळ्या जाळीचं कापड, बस. तरी तो अस्सल ग्ले. काही ग्ले तर दिसतही नाहीत. रात्री नुसता आवाज येतो, वाद्यांचा, बदललेल्या गळ्यांचा, आणि ते गावात आले असं सगळे मानतात. म्हणजे लाकडाशिवाय ग्ले असू शकतो. आणि ग्ले नसलेलं लाकूड? ते आबिजान या तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरातल्या बाजारात ढिगाने मिळतं.

म्हणून तुझ्या सासूबाई आणि दीर दोघांनाही मी एकच उत्तर देईन. हा मुखवटा कधी नाचलाच नसेल, विकायलाच कोरला असेल, तर त्यात कुणी नाही. सासूबाईंनी निर्धास्त व्हावं आणि दिराने लाख विसरावेत. नाचला असेल, तरी तो ग्ले टॉवेलात बसून वाशीला येत नाही. मुखवटा किडला, तडकला की गावात नवा कोरून घेतात आणि ग्लेला तिकडे यायची विनंती करतात. आत्मा तिथेच राहतो, लाकूड म्हातारं होतं. हे माझं म्हणणं नाही, आमच्या ड्रायव्हरचं आहे, आणि त्याचे काका मुखवट्याच्या घरातले.

पाठ बघताना काय बघायचं: आत वाकसाचे घाव दिसतात का. (सुतार लाकूड तासतो तो वाकस. डान कारागीर ओल्या लाकडावर बहुतेक काम वाकसानेच करतात, मग खरखरीत पानांनी घासून गुळगुळीत करतात आणि पाल्याच्या उकळलेल्या रंगाने काळं.) कपाळ आणि गाल टेकतात तिथे घामाने आलेला गुळगुळीतपणा आहे का. कडेच्या भोकांची तोंडं दोरीने झिजलीत की काल पाडल्यासारखी धारदार आहेत. आणि वजन. तोंडावर बांधून तासन् तास वावरायचं असतं, त्यामुळे खरा मुखवटा हातात घेतला की हलका लागतो.

सानपाड्याची_सई

काका, बैठक मारून वाचलं, मोठ्याने वाचून दाखवलं. ‘देखणी बाई’ला सासूबाई हसल्या, पण देवघरासमोरची बंदी कायम.

पाठीचे फोटो टाकलेत. आत उभे आडवे घाव स्पष्ट आहेत, बोट फिरवलं की लाटा लागतात. कपाळाच्या आत आणि दोन्ही गालांच्या ठिकाणी मात्र एकदम गुळगुळीत, आणि तिथे रंगही जास्त गडद. कडेची भोकं एकसारखी नाहीत. वरच्या बाजूची तिरकी झिजलीत, दोरी वर ओढली गेल्यासारखी. खालची तेवढी नाहीत. एका भोकात सुतळीसारखा धागा अडकलाय, करडा. खिळ्याला टांगायची तार आहे ती मात्र सरळसरळ नंतरची. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरट काहीतरी आहे, पण ते आमच्या टॉवेलाचं सूतही असू शकेल. वजन खरंच कमी, माझ्या मोबाइलच्या दुपटी-तिपटीत.

नेरुळचा_नास्तिक

काकांचा प्रतिसाद उत्तम, पण निकषांवर थोडं पाणी ओततो. झीज ही सर्वांत सोपी बनावट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या मुखवट्यांचा धंदा युरोपातल्या ग्राहकांसाठी शंभरेक वर्षं चालू आहे, आणि ग्राहकाला जुनं हवं हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत. बूटपॉलिश, पोटॅशियम परमँगनेट, धुराडं, चिखलात पुरून ठेवणं, वाळवीला खाऊ घालणं, सगळे उपाय झालेत. कपाळाच्या जागी तेलाचा बोळा फिरवायला पाच मिनिटं लागतात. भोकात दोरी ओढून झिजवणं हे तर कारखान्यातल्या पोराचं काम. ताईंनी नाक लावून बघावं. पॉलिशचा वास बंद ट्रंकेत वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरं, तो खिशात मावणारा छोटा मुखवटा ‘पासपोर्ट मुखवटा’ म्हणून बाजारात मिळतो, त्यावर कुणी फसू नये. तसे छोटे मुखवटे डानांकडे खरोखर होते, मा गो म्हणतात, मोठ्या मुखवट्यावर हक्क असलेला माणूस संरक्षणासाठी जवळ बाळगायचा, तेल-भात दाखवायचा. पासपोर्ट हे नाव संग्राहकांनी चिकटवलेलं, आणि त्या नावाने आज विकले जाणारे बहुतेक गेल्या हंगामातले.

आउटटर्न_काका

नास्तिकराव, बरोबर. म्हणूनच मी किंमत एका शब्दाने काढली नाही, ‘झीज आहे का बघ’ एवढंच म्हटलं. तरी सईने लिहिलंय ते मला आवडलं: वरची भोकं तिरकी झिजलेली, खालची कमी. टोपाचं ओझं वरच्या दोऱ्यांवर येतं. खोटी झीज करणारा सहसा सगळी भोकं सारखी झिजवतो, त्याला घाई असते. पुरावा नाही हा, वास आहे वास.

आणि ‘विकायला कोरलेला’ म्हणजे टाकाऊ, हेही मला पटत नाही. तोच कारागीर गावासाठीही कोरतो आणि परक्यालाही विकतो. हान्स हिमेलहेबर नावाच्या जर्मन अभ्यासकाने गावोगाव फिरून डान कारागिरांची नावं, कुणाचा हात कसा चालतो, सगळं नोंदवलं. त्याने जमवलेल्या वस्तू झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात आहेत. त्याच्या आधी लायबेरियाच्या गांटा गावात जॉर्ज हार्ले नावाचा अमेरिकी मिशनरी डॉक्टर १९२० च्या दशकात आला तो १९६० पर्यंत राहिला. दवाखाना चालवता चालवता त्याने शेकडो मुखवटे विकत घेतले, बरेच हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेले. त्याच्या नोंदींतूनच बाहेरच्यांना पहिल्यांदा नीट कळलं की हे मुखवटे निवाडे करतात. पण एक गंमत बघा, काचेच्या पेटीत घागरा नाही, दुभाष्या नाही, ढोल नाही. चेहरे तेवढे ओळीने मांडलेले. आपण सगळे तेच बघून ‘डान मुखवटा’ म्हणायला शिकलो.

सई, एक राहिलंच. वस्तू मामींची आहे. दिराने किंमत काढायच्या आधी पुण्याला फोन केलास का?

मोखाड्याचा_कळवेकर

वाचनमात्र होतो, पण काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी मूळ मोखाड्याचा, नोकरीनिमित्त कळव्याला. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, त्याआधी आम्हीही ठाणे जिल्ह्यातलेच, हे इथल्या लोकांच्या लक्षात नसतं.

आमच्याकडे बोहाडा असतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, पलीकडे नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका अशी एकामागून एक सोंगं रात्रभर नाचतात, संबळ आणि पिपाणीवर. आमच्या भावकीत एक सोंग आहे, ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. माझे चुलते ते घालायचे. मुखवटा चढवायच्या आधी ते विडी टाकायचे, चूळ भरायचे आणि मग कुणाशी बोलायचे नाहीत. लहान असताना मी एकदा ‘तात्या’ म्हणून हाक मारली तर आजीने पाठीत धपाटा घातला. पुढे येऊन बायका ओवाळायच्या, त्यात माझी काकूही असायची, त्यांचीच बायको! ती पाया पडायची. सकाळी तेच तात्या खळ्यात घोरत पडलेले आणि काकू ‘उठा, बैल सोडा’ म्हणून ओरडत असायची.

मुखवटा मात्र एरवी पोटमाळ्यावर टोपलीत. त्याला रोज कुणी नमस्कार करत नाही. कागदाच्या लगद्याचा आहे, उंदरांनी कान खाल्ला तेव्हा नवीन करून रंगवून घेतला. जुन्याचं काय केलं आठवत नाही, म्हणजे फार काही केलं नसणार. त्यामुळे ड्रायव्हरने सांगितलेलं मला लगेच पटलं.

पण एका गोष्टीत माझं काकांशी जमत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडचे लाकडी जुने मुखवटे शहरातल्या हौशी लोकांच्या भिंतींवर गेलेत. विकणाऱ्याला पैशाची नड होती, घेणाऱ्याने दिलेले पैसे त्याच्या एका जेवणाचे. ‘आत्मा गावातच राहतो’ हे वाक्य घेणाऱ्याला फार सोयीचं आहे. गावात नवा मुखवटा करायला कारागीर उरला नसेल तर?

आउटटर्न_काका

कळवेकर, हे लागलं, आणि बरोबर जागी लागलं. लायबेरियातलं युद्ध १९८९ च्या डिसेंबरात सुरू झालं तेच मुळी निंबा भागात, गिओंच्या दारात. गावंच्या गावं उठून सीमेपलीकडे गेली. पुढे आयव्हरी कोस्टमध्येही २००२ पासून तेच, मान, दानाने दोन्ही त्यात होरपळले. अशा वेळी कुणी नडीने विकलं, कुणी चोरलं, कोण हिशोब ठेवणार? २०११ च्या धुमश्चक्रीत आबिजानचं राष्ट्रीय संग्रहालयसुद्धा लुटलं गेलं. म्हणून माझा नियम असा: १९९० नंतर तिकडून आलेला, खरा वाटणारा मुखवटा कुणी दाखवला तर मी हात लावत नाही. ८१ चा असेल तर निदान त्या लुटीतला नाही, एवढंच. त्याआधी तो गावातून कसा निघाला, हे लाकूड सांगत नाही.

लोकमान्यनगरची_ऋजुता

मी संग्रहालयाच्या वस्तूंचं जतन करण्याचं काम करते. खरं-खोटं यात पडत नाही, भुशाबद्दल बोलते, कारण मंडळी आत्म्यात रमली आहेत आणि इकडे किडा जेवतोय.

पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. वाळवी नाही, वाळवी मातीचे बोगदे करते. भोक हे भुंगा बाहेर पडल्याची खूण असते. नुकसान करते ती आतली अळी. भोकाची आतली कड फिकट, ताजी दिसत असेल आणि झटकल्यावर पुन्हा भुसा येत असेल तर किडा जिवंत आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, कपाट बंद, त्याला आणखी काय हवं?

काय करू नका ते आधी. रॉकेल, टर्पेंटाइन, कडुनिंबाचं तेल, फ्रेंच पॉलिश, मेण, काहीही लावू नका. सुताराला दाखवू नका, तो प्रेमाने पॉलिश करून देईल. उन्हात ठेवू नका, तडकेल. पांढरं काही असेल ते ओल्या फडक्याने पुसू नका.

करायचं ते: गोठवणं. जाड पॉलिथिनच्या पिशवीत मुखवटा ठेवायचा, सुट्या होणाऱ्या दाताखाली मऊ कागदाची घडी, जमेल तेवढी हवा काढायची, तोंड टेपने पक्कं बंद. मग ही पिशवी दुसऱ्या पिशवीत. घरच्या डीप फ्रीझरला उणे १८ अंश मिळतात, त्यात पूर्ण दोन आठवडे. वरच्या बर्फाच्या कप्प्यात, दार सारखं उघडलं जातं तिथे, हे जमत नाही. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडायची नाही, हे लोक हमखास चुकतात. चोवीस तास तशीच बंद ठेवायची. थंड लाकडावर हवेतलं पाणी जमतं, ते पिशवीच्या बाहेरून जमू दे, मुखवट्यावर नको. त्यानंतर गडद रंगाच्या कागदावर ठेवून महिनाभर रोज बघा. भुसा नाही आला तर काम झालं. हलवताना आतला जुना भुसा थोडा गळतोच, घाबरू नका. तो करडा धागा काढू नका. खोट्या-खऱ्याचा वाद कधी सुटलाच तर त्या धाग्यावरून सुटेल.

टांगायचाच असेल तर बाहेरच्या भिंतीला नको, पावसाळ्यात ती ओली असते. कडेच्या भोकांत तार ओवून तर मुळीच नको, लाकूड तिथेच तुटतं. खालून दोन ठिकाणी आधार देणारी छोटी पितळी कंसासारखी पट्टी करून घ्या, तिला फेल्ट लावा.

सानपाड्याची_सई

मामींना फोन केला. त्यांना मुखवटा चांगलाच आठवतोय, कारण त्यावरून त्यांचं भांडण झालं होतं. मामांनी आबिजानला प्लातो भागातल्या बाजारात एका विक्रेत्याकडून घेतला. पैसे कमी पडले म्हणून हातातलं एचएमटीचं घड्याळ काढून दिलं, आणि ते घड्याळ मामींच्या वडिलांनी लग्नात दिलेलं! “एका लाकडाच्या थोबाडापायी माझ्या बापाचं घड्याळ गेलं,” असं त्या आजही त्याच सुरात म्हणाल्या. तो ट्रंकेत का गेला, हे त्यामुळे कळलं. आत्माबित्मा काही नाही, मामींनीच भिंतीवर लावू दिला नव्हता. बॉलपेनचं अक्षर मामांचंच. विक्रेत्याने मान गावचा म्हणून सांगितलं, ते त्यांनी लिहून ठेवलं. आता त्यांना तो नको आहे, पण विकायचाही नाही. दिराला फोन स्पीकरवर ऐकवला.

ऋजुताताई, आमच्याकडे वेगळा डीप फ्रीझर नाही. शेजारच्या काकू घरून मोदक-पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडे आहे आणि त्या द्यायला तयार आहेत. सासूबाईंचा आक्षेप: सोललेल्या मटारांशेजारी हा कसा चालेल? आणि कळवेकर, तुमचा प्रश्न मलाही टोचतोय. पितळी पट्टीवर टांगला तर खाली काय लिहावं यावर घरात चर्चा चालू आहे. माझं मत, ‘आबिजान, १९८१, एक घड्याळ’.

लोकमान्यनगरची_ऋजुता

मटारांचं काही बिघडत नाही, दुहेरी पिशवी बंद असेल तर. पण सासूबाईंचा प्रश्न मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. त्या काळी जहाजावरून आणलेल्या लाकडी वस्तूंवर कीड लागू नये म्हणून लोक सर्रास डीडीटीची पावडर मारत, ट्रंकेत गॅमेक्झिन टाकत, दोन्ही विषारी कीटकनाशकं. मामींना पुन्हा एकदा फोन करून विचारा, ट्रंकेत कधी पावडर टाकली होती का. ‘हो’ म्हणाल्या किंवा आठवत नाही म्हणाल्या, तर शेजारच्या काकूंचा फ्रीझर वापरू नका, तिथे विकायचं अन्न असतं. आणि तोवर त्या टॉवेलाला हात लावाल तेव्हा हातमोजे घाला, तो टॉवेल वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.